वरच्या फाटकाचं कुलूप

लो फार्म, हॅनबी
१७ एप्रिल १९५५

प्रिय मिल्ड्रेड,

तुमचं पत्र आणि लोकरीचे मोजे दोन्ही पोचले. मोजे विल्फला घातले. उजव्या पायाला त्याचं काही कळत नाही, पण डाव्याला आवडले असावेत, कारण तो हलवून दाखवतो. तोंड अजून एका बाजूला ओढलेलंच आहे. बोलायला जातो आणि नुसती घरघर होते, मग रागाने भिंतीकडे बघत बसतो. डॉक्टर म्हणतात, पहिल्या झटक्यातून माणूस वाचला की निम्मं जिंकलं. उरलेलं निम्मं कोणी जिंकायचं ते सांगत नाहीत. जिना चढवणं शक्यच नाही, म्हणून त्याची खाट खालीच, घराच्या मधून जाणाऱ्या बोळालगतच्या खोलीत टाकली आहे. दार उघडं ठेवलं की त्याला बोळाचं पुढचं दार, मागचं दार आणि दिवसभर येरझारा घालणारी मी, असं सगळं दिसतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, लेडी डेला मी वरच्या फाटकाला कुलूप घातलं नाही. तुमचा भाऊ त्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या फरशीवर कोसळला होता. नवऱ्याच्या ओठातून सूप गळत असताना मेंढ्यांच्या फाटकाला कुलूप घालून त्याच्यासमोर दिवसभर खुर्ची टाकून बसावं, हे मला सुचलं नाही, माफ करा. अ‍ॅम्ब्रोज दरवर्षी लेडी डेला, पंचवीस मार्चला, काठी घेऊन बसायचे हे मला ठाऊक आहे. अख्खं हॅनबी हसायचं. माझा थोरला दीर देवमाणूस, पण बिनलग्नाचा पुरुष इतकी वर्षं एकटा राहिला की काहीतरी खूळ लागतंच. गेल्या शरदात ते गेले आणि आम्ही लिंकनमधली बँकेची नोकरी सोडून हे शेत सांभाळायला आलो. शेताबरोबर खूळही सांभाळायचं असतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

त्या फाटकापलीकडे आहे तरी काय? टाउन क्लोजचं कुरण. उंचवटे, खळगे आणि लेंड्या. अडवायचं कोणाला, ते तरी सांगा.

तुमची,
हेस्टर


लाउथ
२१ एप्रिल १९५५

प्रिय हेस्टर,

अ‍ॅम्ब्रोजला तू जे म्हणालीस ते मी वाचलंच नाही असं समजते.

जी वाट वर्षभर कोणी अडवत नाही ती लोकांची होते. म्हणून मालकाने वर्षातून एक दिवस ती बंद करायची, म्हणजे उरलेले दिवस लोक जातात ते त्याच्या परवानगीने, हक्काने नाही. मोठमोठे जमीनदार करतात, त्यांना कोणी वेडे म्हणत नाही. लेडी डेलाच का, तर आपल्याकडे खंड, करारमदार, गडीमाणसं, सगळं त्याच दिवशी मोडतं आणि त्याच दिवशी जुळतं. इतर दिवशी घातलेलं कुलूप म्हणजे नुसतं लोखंड. आजोबांनी घातलं, बाबांनी घातलं, अ‍ॅम्ब्रोजने घातलं. एकच वर्ष घालायचं राहिलं होतं, मी तेव्हा लहान होते.

कोणाला अडवायचं विचारतेस. त्या कुरणाला टाउन क्लोज उगाच म्हणत नाहीत. तिथे स्केलथॉर्प गाव होतं. ती जुनी पांढर आहे, मोडलेल्या गावाची जागा, हे विल्फने तुला सांगायला हवं होतं, पण विल्फ लहानपणापासून नको ते विसरायला हुशार.

ह्या वर्षीचं राहिलं ते राहिलं. रविवारी सकाळी बोळाची दोन्ही दारं लावून घेत जा. विल्फच्या खोलीचंही. वारा बाधतो.

मिल्ड्रेड


लो फार्म, हॅनबी
२४ जुलै १९५५

प्रिय मिल्ड्रेड,

पावसाचा थेंब नाही. विहिरीचा तळ दिसतोय, कुरण पिवळंधमक झालंय, आणि त्या पिवळ्यावर तुमचं स्केलथॉर्प उमटलंय! जिथे मातीखाली दगडी पाया आहे तिथलं गवत आधी करपलं, त्यामुळे घरांच्या भिंती पांढऱ्या रेघांनी दिसायला लागल्या. ही खोली, हा गोठा, हे परसू, सगळं ओळखता येतं. मेंढ्या इतके दिवस त्या उंचवट्यांवर बसायच्या, आता बसत नाहीत. रेघांच्या बाहेर घोळका करून उभ्या राहतात.

विद्यापीठातल्या मिस थ्रॉल नावाच्या बाई मोजमाप करायला आल्या आहेत. टेप आणि लाल-पांढऱ्या काठ्या घेऊन दिवसभर उन्हात फिरतात, नाक सोललंय, पण टोपी घालत नाहीत. सशांनी उकरलेल्या मातीतून त्यांनी मडक्यांचे तुकडे काढले. एकावर कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा आहे. मी गंमत म्हणून माझा अंगठा लावून बघितला, तर बरोबर बसला. लगेच काढला.

आता मजा ऐका. स्केलथॉर्पचा मोठा रस्ता म्हणजे आपली पाणंद. दोन्ही बाजूंच्या घरांमधून ती खोल खोल होत येते, वरच्या फाटकातून उतरते आणि थेट आपल्या घरात शिरते. मिस थ्रॉलनी एक काठी बोळाच्या मागच्या दारात धरली, एक पुढच्या दारात, एक खाली चर्चच्या भिंतीशी. तिन्ही एका ओळीत! स्केलथॉर्पला स्वतःचं चर्च नव्हतं, ती माणसं रविवारी हॅनबीलाच यायची. मग मालकाला मेंढ्यांसाठी जमीन हवी झाली. माणसं हुसकली, घरं पाडली, आणि त्याच दगडांनी मेंढपाळाचं घर बरोबर रस्त्याच्या मधोमध बांधलं. पण उरल्यासुरल्यांचा चर्चला जायचा हक्क काही काढता येईना. म्हणून घराला समोरासमोर दोन दारं ठेवून मधून बोळ सोडला. मी विचारलं, मेंढपाळ कोण होता? "तुमचेच कोणी ऑडलिंग असणार," म्हणाल्या. नणंदबाई, घराण्याचा असा उजेड पडला!

एक विचारायचं होतं. ही चेष्टा नाही. रविवारी सकाळी चर्चची घंटा सुरू झाली की बोळाच्या मागच्या दाराची कडी वर होते. वारा नसतो. कुत्रा बोळात ऐसपैस पसरलेला असतो, तो उठतो आणि भिंतीला चिकटून उभा राहतो. भुंकत नाही. बाजाराच्या दिवशी लोकांच्या पायात येऊ नये म्हणून उभा राहतो तसा. मग मी फरशी पुसायला जाते तर चिखल, मिल्ड्रेड. ह्या कोरड्या ठणठणीत उन्हाळ्यात ओला चिखल, टाचांचे ठसे असलेला. चर्च सुटलं की पुन्हा तेच, उलट्या दिशेने. पाणंदीतलं गवत आडवं झालंय.

विल्फ ठीक आहे. रविवारी जरा जास्तच ठीक असतो.

तुमची,
हेस्टर


लाउथ
२७ जुलै १९५५

प्रिय हेस्टर,

त्या बाईला चहा पाज आणि वाटेला लाव. ऑडलिंगांनी कोणाला हुसकलेलं नाही. हुसकलं मालकाने, आम्ही नुसत्या मेंढ्या राखल्या.

चिखल पुसून टाक, बघत बसू नकोस. बोळातून जे जातं त्याला जाऊ दे. अडवू नकोस, हाक मारू नकोस, ओळख देऊ नकोस. आणि विल्फची खाट वर ने. चार मजूर लाव, दोरखंड लाव, खिडकीतून ओढ, काय वाट्टेल ते कर, पण माडीवर ने. मी चेष्टा करत नाही, आणि मला चेष्टा करताही येत नाही हे तुला माहीत आहे.

मिल्ड्रेड


लो फार्म, हॅनबी
१६ ऑक्टोबर १९५५

प्रिय मिल्ड्रेड,

विल्फ बोलला!

बसा आधी, मग वाचा. तीन रविवारांपूर्वी मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. घंटा सुरू झाली, कडी वाजली, ते नेहमीचं सरसर सुरू झालं. आणि विल्फच्या खोलीतून स्वच्छ आवाज आला, "गुड मॉर्निंग." मार्चपासून ज्या माणसाला 'पाणी' म्हणता येत नव्हतं! मी सुरी टाकून धावले. तो दाराकडे तोंड करून हसत होता, दोन्ही ओठांनी, सरळ. पुन्हा पुन्हा म्हणत होता, जसा रस्त्यावर एकेकाला माणूस म्हणतो तसा. मी त्याच्या गळ्यात पडून रडले, दुसरं काय करणार.

त्यानंतर दर रविवारी काहीतरी नवीन. डावा हात होताच, आता उजव्याची बोटं हलतात. चमचा धरतो. स्वतः खातो. डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. बोलतो मात्र गमतीचं. मॉड आज आली नाही, हॉजचं पोर खोकतंय, असं काहीबाही. हॅनबीत हॉज नावाचं कोणी नाही, मी पोस्टात विचारलं.

तुमच्या सांगण्याचा मान राखला नाही असं नाही. एका शनिवारी मी ते ओकचं जड टेबल बोळात आडवं टाकलं. रविवारी घंटा झाल्यावर बघते, तर टेबल भिंतीशी सरकवलेलं, वरचं कापड सरळ केलेलं, फुलदाणी मधोमध. इतकी रीतभात आपल्या पाद्रीबाबांच्या बायकोलाही नाही. अशा लोकांची भीती तरी कशी बाळगायची?

खाट खालीच आहे. तो सुधारतोय, मिल्ड्रेड. तुम्ही बघितलंत तर तुम्हीही हलवणार नाही.

तुमची,
हेस्टर


लाउथ
१९ ऑक्टोबर १९५५

प्रिय हेस्टर,

तुझं पत्र वाचलं आणि जे कधी कोणाला सांगितलं नाही ते लिहायला बसले.

आमची एक बहीण होती, माझ्या पाठची एल्सी. तापाने गेली असं तुला विल्फने सांगितलं असेल. घरात तेच सांगायचं ठरलं होतं, आणि विल्फ तेव्हा तान्हा होता. त्या मार्चमध्ये बाबांचा पाय गाडीखाली सापडला आणि कुलूप राहून गेलं. त्या उन्हाळ्यात आम्हीही चिखल पुसला. एल्सी छातीने अधू, आठ दिवस बरी तर आठ दिवस अंथरुणात. ती बोळातल्या बाकावर बसायची आणि जाणाऱ्यांना गुड मॉर्निंग म्हणायची. आम्ही हसायचो. थंडी पडेपर्यंत तिचे गाल लाल झाले, ती धावायला लागली. आई देवाचे आभार मानायची, जशी तू आता मानतेस.

जानेवारीतल्या एका रविवारी ती टोपडं घालून निघून गेली. चर्चच्या भिंतीला टेकून बसलेली सापडली. हात मांडीवर, डोळे उघडे. बर्फासारखी गार. बुटांच्या नाड्यांना सुरेख गाठी मारलेल्या होत्या आणि एल्सीला गाठ मारता येत नव्हती.

ते वाईट नाहीत, हेस्टर. वाईट असते तर मी तुला कुऱ्हाड घेऊन उभी राहा म्हटलं असतं. त्यांचं गाव मोडलं, माणसं कमी झाली, आणि कोणी आपणहून ओळख दिली की ते त्याला आपल्यात घेतात. पुढच्या लेडी डेला पहाटेच बाबांनी कुबड्या घेऊन जाऊन फाटक बंद केलं. सगळं थांबलं. आई मात्र बाबांशी पुन्हा धड बोलली नाही.

मार्चपर्यंत त्याला सांभाळ. रविवारी त्याच्या खोलीचं दार लाव, त्याचा हात धरून बस, आणि घंटा होते तेव्हा तिथून हलू नकोस. काहीही झालं तरी हलू नकोस.

मिल्ड्रेड


लो फार्म, हॅनबी
४ मार्च १९५६

प्रिय मिल्ड्रेड,

अंत्यविधीला तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, मीही बोलले नाही. खाट वर नेली असतीस तर, असं तुम्ही म्हणाला नाहीत, त्याबद्दल आभारी आहे. नेली नाही, कारण तो सुधारत होता. एवढंच कारण आहे. नवरा स्वतःच्या हाताने जेवायला लागला की बाई जगाचं ऐकत नाही.

तुमचं पत्र आल्यापासून दर रविवारी मी दार लावून त्याचा हात धरून बसत होते. त्या रविवारी थंडी अशी होती की नळात बर्फ झाला होता. चुलीवर दूध ठेवलं होतं ते उतू गेल्याचा वास आला. तेवढ्यापुरती उठले, भांडं उतरवलं, आणि परत आले तर पांघरूण घडी करून ठेवलेलं. चर्चच्या भिंतीशी तो कसा बसला होता ते तुम्हाला मी सांगायला नको. दोन्ही बूट चढवलेले, दोन्हींच्या गाठी सारख्या. तुमच्या हट्टाप्रमाणे शवपेटी मोठ्या रस्त्याने गाडीतून नेली, पाणंदीतून नाही. का, ते मी विचारलं नाही.

आता जे सांगायला पत्र लिहितेय ते. दफनानंतरच्या रविवारी मी बोळात खुर्ची टाकून बसले. अ‍ॅम्ब्रोजची काठी मांडीवर घेतली होती. शिव्या द्यायच्या होत्या मला त्यांना, तोंडाला येतील तेवढ्या. घंटा झाली, कडी वर झाली, पावलं आली. मी काठी उचलली आणि तशीच मांडीवर ठेवली. त्या पावलांत एक पाऊल घासत चाललं होतं. उजवं. वर्षभर तो पाय मी उचलून ठेवलाय, धुतलाय, चोळलाय. त्याचा आवाज मला कळतो. माझ्या खुर्चीशी ते पाऊल थांबलं, मग पुढे गेलं. चर्च सुटल्यावर परत वर गेलं, बाकीच्यांबरोबर.

तेव्हापासून मी रविवारसाठी बाकीचे वार काढते. तुमची आई मला आता समजते. ह्या वर्षी लेडी डे रविवारीच येतो, ते मी कॅलेंडरात बघून ठेवलंय. मी कुलूप घालणार नाही. तुम्ही येऊ नका. मला तेवढं एकच उरलंय, मिल्ड्रेड, ते राहू द्या.

तुमची,
हेस्टर


लाउथ
२६ मार्च १९५६

प्रिय हेस्टर,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण वाद घालायचा नव्हता. काल येऊन काम करून गेले. घरी आले नाही, तू मला आत घेतलं नसतंस आणि मलाही तुझं तोंड बघवलं नसतं.

रविवारची एकुलती एक बस. ती हॅनबीला पोचली तेव्हा घंटा केव्हाच थांबली होती आणि चर्चमधून गाणं ऐकू येत होतं. मी मागच्या बांधाने वर गेले, फाटक ओढलं, साखळी घातली, नवं कुलूप लावलं आणि छत्री टेकून अंधार पडेपर्यंत दगडावर बसून राहिले. माझ्या वयात हे सोपं नाही. चर्च सुटल्यावर खाली घराच्या बाजूला थोडी कुजबुज झाल्यासारखी वाटली. मी छत्री आपटली. मग सगळं शांत झालं. कुलपाला कोणी हातसुद्धा लावला नाही.

तू मला शिव्या देशील, दे. पण तो आपला विल्फ नव्हे. आईलाही एल्सीची पावलं ऐकू यायची, आणि त्या पावलांमागे ती झिजून गेली. मी भाऊ घालवला, भावजय घालवणार नाही. आई शेवटी शेवटी एकच घोकत होती, की मेल्यावर मला वरच्या फाटकातून फिरवून न्या. ज्या वाटेने मढं जातं ती वाट कायमची मोकळी होते, मग राजालाही बंद करता येत नाही, हे आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. बाबांनी तिला मोठ्या रस्त्याने नेलं, आणि विल्फला मी.

तेव्हा आता निर्धास्त राहा. हक्क मोडला. कुलूप फोडलंस तरी मोडलेला हक्क जुळत नाही. तो जुळायचा तर त्या फाटकातून एखादं मढं जायला हवं, आणि लो फार्ममध्ये आता मरायला कोण बसलंय?

उन्हाळ्यात माझ्याकडे राहायला ये. मी तुझं वाईट काही केलेलं नाही.

मिल्ड्रेड


लो फार्म, हॅनबी
२८ मार्च १९५६

प्रिय मिल्ड्रेड,

तुमचं पत्र काल दुपारी मिळालं. कुलूप मी सोमवारीच घणाने फोडलं होतं. फाटक बिजागऱ्यांतून उचलून गवतात टाकलं. वाट सताड उघडी आहे. ते जात नाहीत.

तुमचे बाबा पहाटे कुलूप घालायचे, कारण तेव्हा स्केलथॉर्पची माणसं वर आपापल्या घरी असायची. तुम्ही घातलंत तेव्हा ते खाली चर्चमध्ये होते. चर्च सुटलं, ते परत आले, बोळात शिरले, मागच्या दारापर्यंत गेले आणि थांबले. तुम्ही ऐकलीत ती कुजबुज तेवढीच. तेव्हापासून माझ्या बोळात उभे आहेत.

मला ते दिसतात. इतके दिवस दिसले नव्हते. चाक फिरत असलं की आरे दिसत नाहीत, थांबलं की दिसतात, तसं काहीसं असेल. बुटकी माणसं आहेत. जाडंभरडं कापड, टाचांना चिखल, बायांच्या कडेवर पोरं. हॉजचं पोर खरंच खोकतं. मी चहाला पाणी ठेवायला जाते तेव्हा सगळे अंग चोरून बाजूला होतात आणि मी गेले की पुन्हा जागेवर. मी सांगून बघितलं, ओरडून बघितलं, की जा बाबांनो, फाटक काढून टाकलंय. एक म्हातारी नुसती मान हलवते. चोरवाटेने जाणारी माणसं नाहीत ती. हक्क नाही म्हटल्यावर पाऊल टाकत नाहीत.

विल्फ मध्ये आहे. त्याला फार वेळ उभं राहवत नाही हे मला माहीत आहे, म्हणून मी त्याच्यासाठी खुर्ची ठेवली. बाकीचे उभे असताना तो बसत नाही. भिंतीला टेकतो, मग सरळ होतो, मग पुन्हा टेकतो. जिवंतपणी थकला तेव्हा मी त्याला निजवू तरी शकत होते.

काल दुपारपर्यंत सगळ्यांची तोंडं मागच्या दाराकडे, वर गावाकडे होती. तुमची पत्रं मी विल्फला मोठ्याने वाचून दाखवते, ती सवय गेली नाही. तसं कालचंही वाचलं. मढ्याचं वाक्य आलं आणि सगळे माझ्याकडे वळले. रागाने नाही. बसची वाट बघून कंटाळलेली माणसं लांबून एखादी गाडी येताना दिसली की बघतात, तसे. विल्फ सगळ्यात शेवटी वळला. पण वळला.

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. आधी वाटलं, जाऊ दे, नाहीतरी माझं काय उरलंय. मग वाटलं, का म्हणून? मी वर्षभर त्याची सेवा केली, मी दूध उतरवायला उठले ती एकदाच उठले, आणि मी कोणाची वाट अडवली नाही. ते मी त्यांना सांगितलं. म्हटलं, कुलूप मी घातलेलं नाही. कोणी घातलं तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि तेव्हापासून माझ्याकडे बघायचे थांबले आहेत. आता सगळ्यांची तोंडं पुढच्या दाराकडे आहेत.

तेव्हा येत्या रविवारी ईस्टरच्या जेवणाला या, मिल्ड्रेड. भांडण मनात ठेवण्यात काही अर्थ नाही. कोकराची मांडी भाजते, पुदिन्याची चटणी करते, तुम्हाला आवडतो तसा गाजराचा केकही करते. बस घंटा थांबल्यावर पोचते ते मला ठाऊक आहे. हरकत नाही, आम्ही थांबू. ह्या खेपेला मागच्या बांधाने वर जाऊ नका. पुढच्या दाराने या, बोळातून. दार नुसतं लोटलेलं असेल, ढकललंत की उघडेल.

तुमची,
हेस्टर